रंकाळ्याची फेरी

आप्पा, मी पहाटे रंकाळ्यावर फिरायला जायला लागले, हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून चालायला लावलं आहे. ह्यांची बदली झाली, लेक पुण्याला शिकायला. उठवणारं घरात कुणी नाही. गजर होतो, मी तो बंद करते आणि पडून राहते. मग तुमचा आवाज येतो : "उन्हं डोक्यावर आली की! माझी तळ्याला फेरी झाली, आन् तू अजून लोळतीयास?" तेव्हा उठते. हौसेनं नव्हे, शरमेनं.

आई गेली त्या हिवाळ्यात तुम्ही फिरायला सुरुवात केलीत. त्याआधी पहाटे तुम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत हळू आवाजात बोलायचात. मला अंथरुणात शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. ती थांबली आणि तुम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. अंधारात जायचात, उजाडल्यावर परतायचात, पायरीवर बूट आपटून धूळ झाडायचात. मी चहा पुढं केला की म्हणायचात, "नको, दूध झालं." एकदा, फक्त एकदा म्हणालात, "चल की माझ्यासंगं उद्या." मी शाळेत नवी होते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. "रविवारी बघू, आप्पा," म्हटलं आणि रविवारीही झोपून राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. टोमणे मात्र माझ्या लग्नापर्यंत चालू होते. तुम्ही गेल्यावर आवराआवर करताना ते बूट हाती आले. तळ नव्यासारखे. इतकं चालूनही माणूस वस्तू किती जपतो, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आज अर्ध्या वाटेतच दम लागला. काठावरच्या कट्ट्यापाशी गवळी म्हैस उभी करून लोकांना ग्लासात धार काढून देत होता. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे बसले होते. "बसा की, पावणं. रंकाळा काय पळून जातोय?" मी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुणाच्या तुम्ही?" मी तुमचं नाव सांगितलं, हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर म्हटलं.

"मास्तरांची लेक व्हय! आवो, हितंच बसायचं की मास्तर, तुम्ही बसलाय तिथं."

"फेरी झाल्यावर?"

"कसली फेरी!" ते गवळ्याकडं बघून हसले. "तळ्याची पलीकडली बाजू मास्तरांनी बघितली असंल तर शप्पथ. म्हशी यायच्या आधी यायचं, म्हशी गेल्यावर उठायचं. मी म्हणायचो, मास्तर, मग बूट तरी कशाला घालतासा? तर म्हणायचं, पोरीला काय सांगू? पहाटं घर खायला उठतंय म्हणून सांगू?"

मीही हसले, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं. गवळ्यानं ग्लास हातात दिला. कोमट होता, वर फेस. तो संपेपर्यंत मी समोरच्या पाण्याकडं बघत होते. इतकी वर्षं आळशी म्हणून स्वतःला बोल लावला तो कुणाच्या फेरीशी तुलना करून, असा राग यायला हवा होता. आला नाही. त्याऐवजी तो रविवार आठवत राहिला. मी आले असते तर तुम्हाला खरोखरच फेरी मारावी लागली असती. मारली असतीत, असं वाटतं. की हे मी माझ्या सोयीनं ठरवते आहे? तेही तपासून पाहिलं. कळलं नाही. एवढं मात्र कळलं की पलीकडच्या खोलीत मी झोपलेली असतानाही तुमचं घर रिकामं होतं. आता माझं आहे तसं.

तिथूनच मागं फिरले. घरी आले तर ह्यांचा फोन वाजत होता. "झाली का फेरी?"

"झाली," मी म्हटलं. अडखळले नाही.

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही असतात तरी दिलं नसतं. उद्या उठेन मी, गजरालाच उठेन. पण कट्ट्यापर्यंतच जाईन. आणि आज आत येण्याआधी, बघायला कुणी नसताना, मी पायरीवर बूट आपटले. धूळ नव्हतीच.