हिरव्या कापडाबाहेरची माणसं

॥ श्री ॥

डहाणू, ३ ऑक्टोबर २०२४

चि. अहिल्या हिस,
सूर्यकांतदादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तलासरीहून डहाणूला यायला त्याला सहा दिवस लागले. मधल्या काळात ते तीर्थाटन करून आलं असावं, कारण पाकिटावर तीन ठिकाणचे शिक्के आहेत. तरी आपण दोघं पत्र सोडत नाही ते बरं आहे. फोनवर तू सगळं बरं असल्याचं सांगून मोकळी होतेस, आणि नीलमच्या मते मी एका होकारासाठी चार वाक्यं घेतो.

आता मुद्दा. पत्रातल्या बातम्या मी एकदा वाचल्या आणि अक्षर तीनदा. सत्तावीस वर्षं संस्कृतचे पेपर तपासतोय. कोणी घाईत लिहिलं, कोणी रडत लिहिलं, कोणाला शेजाऱ्याने दाखवलं, हे मला मजकूर न वाचता कळतं. आपल्या घरात अक्षर होतं ते तुझंच. या पत्रात ते दुसऱ्या पानापासून उताराला लागलंय. कागदाच्या मागून बोट फिरवलं तर प्रत्येक ओळ हाताला लागते, इतकं पेन दाबलं आहेस. पेन असं दाबणारा माणूस एकतर रागात असतो, नाहीतर पेन हातात आहे की नाही याची त्याला खात्री नसते. तू रागात असतीस तर मजकुरात माझा उद्धार सापडला असता. तो कुठेही नाही.

म्हणून सरळ विचारतो, हाताला काय झालंय? ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहून चोवीस वर्षं डॉक्टरांच्या हातात हत्यारं देणाऱ्या बाईने थोरल्या भावाला उत्तर द्यायला दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नयेत. पोस्टाचे सहा वेगळे.

लोभ आहेच; सध्या तो काळजीचे कपडे घालून फिरतोय.

तुझा,
दादा

तलासरी, ११ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
अहिल्येचा शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. इथे रोज बरोबर काम करणाऱ्यांना सांगायला मला वर्ष लागलं आणि तू कागद उलटा करून ओळखलंस.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. आधी फक्त झोपेत व्हायची, हात झटकला की जायचं. आता दिवसाही होतात. मनगटात एक पट्टा असतो, त्याच्याखालून नस जाते. पट्टा जाड झाला की नस चेपते, एवढंच. पट्टी बांधून झाली, इंजेक्शन झालं. गेल्या महिन्यात तारा लावून तपासणीही झाली. अंगठ्याच्या बुडाशी जो फुगीर मांसल भाग असतो ना, तो माझा सपाट व्हायला लागलाय. ऑगस्टमध्ये ऐन ऑपरेशनमध्ये माझ्या हातून आर्टरी पडली. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा. खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की ती माझ्या बोटांत नाही.

सुदर्शन डॉक्टर म्हणतात, पट्टा कापून टाकू, वीस मिनिटांचं काम, फक्त हात बधिर करायचा. उशीर केला तर ते मांस परत भरणार नाही आणि मग टेबलाजवळ उभं राहणं विसरा, असंही म्हणाले. १२ नोव्हेंबर तारीख दिली आहे.

दादा, मला भीती वाटते. हसू नकोस. त्या पट्ट्याजवळून अंगठ्याकडे एक बारीक शाखा जाते. ती दुखावलेला एक माणूस मी पाहिलाय. शंभरातला तो एक मला नावानिशी माहीत आहे. उरलेले नव्याण्णव मला माहीतच नाहीत. आम्हाला माणूस दिसतो तो हिरव्या कापडाला जेवढं भोक असेल तेवढाच. एक डोळा, एक गुडघा, वीतभर पोट. टाके पडले की दार उघडतं आणि तो जातो. परत येतो तो बिघडलेला. चोवीस वर्षांत माझ्याकडे परत आले ते सगळे बिघडलेलेच आहेत. मग मला दुसरं काय आठवणार?

वहिनीला सांगू नकोस, म्हणजे तू सांगशीलच. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
अहिल्या

डहाणू, ३० ऑक्टोबर २०२४

चि. अहिल्या हिस,
अ. उ. आ. वि. वि.

नीलमला सांगितलं नाही. तिने पाकीट स्वतःच फोडून वाचलं, हा माझा दोष नव्हे.

तुझ्या पत्रातली अडचण मला तर्काची वाटली. शंभरातला एक तुला माहीत आणि नव्याण्णव नाहीत. तर नव्याण्णवांतले काही कोणीतरी शोधून काढावेत. स्थालीपुलाकन्याय म्हणतात तो हाच, आपल्या घरी शितावरून भाताची परीक्षा. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. तुझी जुनी पत्रं मी वर्षवार बांधून ठेवली आहेत. तू त्यांत कोणाचं नाव कधी लिहीत नाहीस. ते तुझं व्रत. पण मोतीबिंदू निघत असताना बोंबलांच्या भावावरून सिस्टरशी भांडणारी बाई वरोरमध्ये विचारल्यावर एकच निघाली. असे तिघे सापडले. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात पुठ्ठ्याची नवी वही, असा मी निघालो.

आता जे पाहिलं ते लिहितो. लपवणं मला कधी जमलं नाही, विशेषतः लपवायला हवं असतं तेव्हा.

वरोरची बायजी ओट्यावर बसली होती. मी इस्पितळाचं नाव काढताच तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली की कसलं दिसतंय साहेब, सगळं धुकं, आधीच बरं होतं. मी नोंद केली. निघताना तिने एवढं मात्र सांगितलं की माझं खिशातलं पेन गळतंय.

उधव्याच्या पलीकडे डोंगरातला काकड्या, ज्याच्या मांडीच्या हाडात तुम्ही गज घातला होता, तो भिंतीला धरून बाहेर आला. दोन पावलं टाकून बसला आणि पाय अजून रात्रंदिवस ठणकतो म्हणाला. त्याची बायको लाडकी मागे उभी राहून मान हलवत होती.

घोलवडची हिरू. लहानपणी भाजून हनुवटी छातीला चिकटली होती, मांडीची कातडी काढून मानेला लावली होती तुम्ही. ती चिकूच्या वखारीत खोकी भरते. मान खाली घालूनच बोलली. वर बघता येत नाही म्हणाली.

तीन शितं दाबली, तिन्ही कच्ची. मला स्वतःला हे पटत नाही, पण पटत नाही हा पुरावा होत नाही. तू डॉक्टरांशी बोल.

प्रेम कमी नाही, फक्त आज शब्द कमी आहेत.

दादा

तलासरी, ७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

१२ तारीख मी रद्द केली.

तुझ्यावर राग नाही. उन्हातून एवढा फिरलास. हिरूच्या मानेला पाच तास लागले होते. ती कातडी मी मिठाच्या पाण्यात भिजवून, एकेक तुकडा उलगडून हातात दिली होती. पुढे पट्टी सोडली तेव्हा ती मानेला नीट धरली होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी बाहेर चहा घेतला. आणि तिला वर बघता येत नाही.

१ डिसेंबरपासून मी बाहेर केसपेपरच्या खिडकीवर बसेन, असं मेट्रनना सांगितलं आहे. टेबल रोशनी सांभाळेल. चांगली मुलगी आहे, हात हलका आहे. हत्यारांच्या कपाटाची किल्ली काल तिला दिली. तिने घेतली नाही. मी तिच्या ॲप्रनच्या खिशात टाकली.

उत्तराची घाई करू नकोस. आठवण असू दे.

अहिल्या

डहाणू, १७ नोव्हेंबर २०२४

चि. अहिल्या हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र पोस्टाच्या हवाली करत नाही. नीलम स्वतः घेऊन येते आहे. बसून वाच आणि मला शिव्या द्यायच्या त्या शेवटी दे.

काल शाळेतल्या एका निरोप समारंभासाठी चिकू आणायला घोलवडला गेलो. वाडीच्या कुंपणापाशी पोचलो तर आतून एक बाई कोणाला तरी मोठमोठ्याने झापत होती, की वरच्या फांदीवरची पिकलेली ठेवून कच्ची कशाला पाडतोस रे आंधळ्या. हिरू. हनुवटी आभाळाकडे, मान मागे टाकलेली, आणि झाडाचा शेंडा ती असा न्याहाळत होती की मीही वर बघितलं.

मला पाहिल्याबरोबर तिने मान खाली घातली. मग माझे हात मोकळे दिसले तशी हळूच वर केली आणि हसतच सुटली. म्हणाली, आज वही नाही आणली का साहेब? मग सगळं बाहेर आलं. गेल्या उन्हाळ्यात असाच एक पांढऱ्या शर्टातला माणूस वही घेऊन अपंगत्वाचे दाखले तपासून गेला, आणि जो जो बरं आहे म्हणाला त्याचा त्याचा दाखला अडकला. त्यामुळे मी वरोरच्या एसटीतून उतरायच्या आतच तीन गावांत निरोप गेला होता, की इस्पितळाचा साहेब फिरतोय, कोणी बरं व्हायचं नाही. निरोप पोस्टाने पाठवलेला नव्हता हे उघड आहे.

अहिल्ये, मी साहेब दिसतो, हे आपल्या घरात आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या बाईला धुकं दिसतं तिला माझ्या खिशातलं गळकं पेन दिसलं, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली! तूही ते वाचलंस आणि पुढे गेलीस. मी मूर्ख म्हणून, तू घाबरलेली म्हणून.

मग उरलेल्या दोघांकडे पुन्हा निघालो. वही नाही, पेन नाही, अंगात नीलमने पुसायला काढलेला सदरा.

काकड्या घरी नव्हता. लाडकीने बोट वर केलं. तो ताडावर होता. उतरला, मला बघून क्षणभर लंगडला, आणि मग त्याला स्वतःलाच ते बरं दिसेना. गजाचा पाय बोटभर आखूड राहिलाय, पाऊसकाळात दुखतो, हे मात्र खरं. त्याने दोन्ही पाय शेजारी ठेवून दाखवले. मडक्यातून मला काय प्यायला दिलं ते नीलम पत्र वाचणार असल्यामुळे लिहीत नाही.

बायजी वाळवणावर होती. माशी बसलेला बोंबील वीस पावलांवरून ओळखत होती. तिची तक्रार तेवढी खरी निघाली, की डोळ्याला दिसायला लागल्यापासून सुनेचं झाडणं दिसतं आणि घरात रोज भांडण होतं. दुसऱ्या डोळ्याचं करायचं राहिलंय. का नाही केलं म्हटलं, तर म्हणाली की त्या वेळी कापडाखाली जीव घाबरा झाला होता, तेव्हा एक बाई माझ्या बोंबलांना महाग म्हणाली. मला असला राग आला, की भांडता भांडता डोळा होऊन गेला. ती बाई अजून तिथे असेल तरच दुसऱ्याला येईन.

मी असेल म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही, तेव्हा १ तारखेच्या आत काय करायचं ते तू बघ.

शंभरातला तो एक खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. तो आहे. पण जे बरे झाले ते तुमच्या दारात येत नाहीत, कारण ते झाडावर असतात. सोपी गोष्ट होती. एवढं न्यायशास्त्र शिकून मला ती ताडाखाली उभं राहिल्यावर कळली.

नीलम तुझ्याकडे राहायच्या तयारीने कपडे घेऊन आली आहे. तिच्याशी वाद घालू नकोस. मी तीस वर्षं घालून पाहिलाय.

माझ्या मूर्खपणासकट माझ्यावर जीव असू दे.

दादा

तलासरी, ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
अहिल्येचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीने फोनवर सगळं सांगितलंय, तरी माझ्या हाताने लिहायचं ठेवलं होतं. कागद उलटा करून बघून घे. मी थांबते.

३ डिसेंबरला हात झाला. कापड पहिल्यांदा माझ्यावर होतं. आत उकडतं रे, हे मला चोवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. हात बधिर, बाकी मी टक्क जागी. रोशनी ट्रेमध्ये काय कुठे ठेवतेय ते आवाजावरून कळत होतं. एकदा तिने रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचा आकडा, चुकीच्या बाजूला ठेवला तर मी कापडाखालून बोलले. डॉक्टर म्हणाले की सिस्टर, आज पेशंटने पेशंटसारखं वागावं. त्या बारीक शाखेपाशी आले असतील तेव्हा सगळे गप्प झाले, आणि मी वरोरच्या बोंबलांचा भाव आठवायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. मग कोणाचीतरी मान झाडाकडे वर झालेली आठवत राहिले. त्याचा झाला.

पहिल्या रात्रीच मुंग्या थांबल्या. सकाळी उठले तर वहिनी म्हणाली, घोरत होतीस. टाके चौदा दिवसांनी निघाले. जोर मात्र सावकाश येतोय; महिनाभर वहिनीने डब्याची झाकणं उघडून दिली आणि प्रत्येक झाकणामागे तुझी एकेक गोष्ट सांगितली. मधल्या बोटाचं टोक अजून जाड लागतं. डॉक्टर म्हणतात, आधी आला असतात तर हेही राहिलं नसतं. आता ते कदाचित तसंच राहील. अंगठ्याचं मांस थोडं भरलंय. मी रोज बघते.

परवा, शुक्रवारी, पुन्हा टेबलाजवळ उभी राहिले. हर्नियाला जाळी बसवायची होती. रोशनी पलीकडे उभी होती, मला थकवा आलाच तर घ्यायला.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. गेलं वर्षभर सुदर्शन डॉक्टर माझ्याकडून हत्यार घेताना आधी माझ्या बोटांकडे बघायचे. एक क्षण. बोलले कधीच नाहीत. बोटं बधिर होण्यापेक्षा तो क्षण जास्त लागायचा, म्हणून लिहिलं नाही.

शुक्रवारी पहिली दहा मिनिटं तेच चाललं होतं. मग एक रक्तवाहिनी सुटली, त्यांनी बोटाने दाबून धरली, आणि दुसरा हात माझ्याकडे पुढे केला. मान खालीच. मी आर्टरी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि कामाला लागले.

वहिनीला नमस्कार. दोघांचा लोभ आहे तसाच चालू दे. त्यात काही दुरुस्ती करायची गरज नाही.

तुझी,
अहिल्या