जुन्यात परका, नव्यात नवरा

१४ नोव्हेंबर

पाहिला एकदाचा. धाकट्या भावाच्या, निकेशच्या मोबाइलवर, मी आणि त्याची बायको करिष्मा, स्वयंपाकघरात बसून. बाबा धान कापायला बांधीत गेले होते – मुद्दाम तीच वेळ साधली. निकेश म्हणाला, तुम्ही दोघी पाहा, मी नाही पाहत.

'नाल्यापलीकडे' – नवा सिनेमा. जुना आम्हा भावंडांना पाठ आहे. असणारच! आमच्या आईवरूनच काढलेला. तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई घरी येत नाही, नाल्याकाठी तिची एक चप्पल सापडते. आई नाहीशी झाली तेव्हा मी पहिलीत होते, निकेश अंगावर पीत होता. पेपरात बातमी वाचून मुंबईचे लोक आले, इथेच जंगलात शूटिंग केलं. बाबांनी त्यांना बैलबंडी दिली. आईचं लुगडंही दिलं. त्या सिनेमात ठेकेदार तिला मारतो, आणि शेवटी पकडला जातो.

नव्यात ठेकेदार निर्दोष आहे. खून नवऱ्यानं केला.

करिष्मानं मोबाइल पालथा ठेवला आणि भात टाकायला उठली. माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर

गावात दुसरा विषय नाही. वारलूभाऊंच्या चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्यात म्हणे. म्हातारे म्हणतात जुन्याची सर नाही – त्यातली नटी रडायची तर आपल्याही डोळ्यांत पाणी यायचं, यात नुसता अंधार आणि ढणढण आवाज. कुरखेड्याला कॉलेजात जाणारी पोरं म्हणतात, जुन्याचा ठेकेदार पाहून हसू येतं, मिशीवरूनच कळतं हाच खुनी. नव्याचा शेवट मात्र अंगावर काटा आणतो. मोबाइलवरही तेच. कुणी लिहितं, क्लासिकची माती केली. कुणी लिहितं, नवा शेवट जास्त खरा वाटतो.

खरा वाटतो! हे वाक्य किती जणांनी लिहिलंय.

बाबांना अजून काही माहीत नाही. नवा सिनेमा आलाय एवढं कळलंय. रात्री जेवताना विचारत होते, आपली नदी दाखवली का. मी म्हटलं, दाखवली.

१९ नोव्हेंबर

शिवायला दिलेलं ब्लाउज न्यायला बुधरीबाई आल्या होत्या. त्या आईच्या सोबतच्या, त्या दिवशी तिच्याबरोबर पानं तोडायला गेलेल्या. इतकी वर्षं त्या सांगत आल्या की ठेकेदाराचा माणूस आईच्या मागे मागे फिरत होता. जसा सिनेमात फिरतो तसा. आज म्हणाल्या, आदल्या दिवशी तुया बापाचं, नथ्थूचं, अन् रंभाचं भांडण झालं होतं, मले आता आठवून राह्यलं.

मी विचारलं, मग तेव्हा पोलिसांना का नाही सांगितलं? म्हणाल्या, तेव्हा ध्यानात नाही आलं.

भांडण नव्या सिनेमात आहे. अंगणात, विहिरीजवळ. आमच्या अंगणात विहीर कधीच नव्हती.

बुधरीबाई खोटं बोलत नाहीत. तेव्हाही बोलत नव्हत्या. म्हणूनच भीती वाटली. तो ठेकेदार तरी खरा खुनी कुठे ठरला होता? पोलिसांनी त्याला सोडलं होतं, काहीच मिळालं नव्हतं. सिनेमा आला आणि गावानं ठरवून टाकलं. बाबांनीही. आम्हालाही तेच सांगून झोपवलं. आता दुसरा सिनेमा आलाय, एवढंच.

२२ नोव्हेंबर

गडचिरोलीहून एक चॅनलवाला माईक घेऊन आला. बाबा बंडी सोडत होते. त्यानं विचारलं, तुम्हाला जुना आवडला की नवा? बाबा म्हणाले, जुना. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्यात तिले न्याय भेटते.

एवढंच बोलले. संध्याकाळी मोबाइलवर – 'खऱ्या नवऱ्याला नवा सिनेमा का नको?' खाली शेकडो शिव्या. मी चॅनलवाल्याला फोन केला, काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, ताई, लोकं पाहून राह्यले ना. माझा नंबर त्याच्याकडे राहिला, उगाच.

२४ नोव्हेंबर

करिष्मानं आपल्या छोटीला बाबांच्या मांडीवरून उचलून नेलं. अंघोळीचं निमित्त. छोटीची अंघोळ सकाळीच झाली होती.

बाबांनी पाहिलं.

२७ नोव्हेंबर

बाबा टपरीवर जात नाहीत. सकाळी उठून बांधी, बांधीवरून घर. आज म्हणाले, मले दाखव तो पिच्चर.

निकेश नको म्हणत होता. मी लावून दिला. दुपारची वेळ, बाबा खाटेवर, मी खाली. अख्खा पाहिला. नवरा गळा दाबतो तिथे मी डोळे मिटले, त्यांनी नाही. संपल्यावर म्हणाले, जुन्यातली बाई दिसायले सुंदर होती. पण ही रंभेसारखी चालते. मान खाली घालून, जल्दी जल्दी.



मी विचारलं. माझ्या तोंडून गेलंच – बाबा, तुम्ही मारलं का आईला?

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मोबाइलच्या काळ्या काचेकडे पाहत म्हणाले,

"मी मारलं असतं ना बेटा, तं तुई माय कुठी आहे हे तं मले माहीत असतं."

उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

२८ नोव्हेंबर

माझा विश्वास आहे. आजपासून नक्की. काल विचारायच्या आधी नव्हता, हे फक्त इथे लिहिते.

२ डिसेंबर

करिष्मा छोटीला घेऊन माहेरी गेली. एटापल्लीला पोचायला दिवस जातो, तरी गेली. निकेश तिला सोडून आला आणि बाबांसमोर बसून म्हणाला, एक डाव गावासमोर बोला, मी केलं नाही म्हणून. बाबा म्हणाले, बोललो तं मानतीन का? कोणता पिच्चर पाह्यला त्यावर हाय ते.

निकेशनं ताट सरकवलं. बाबांनीही हात धुतला. मी एकटीच जेवत राहिले. भूक होती मला, लाज वाटली.

५ डिसेंबर

बाबा गेले.

बांधीच्या पाळीवर आडवे पडलेले दिसले. निकेशला वाटलं, झोपले. विळा बाजूला नीट ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

६ डिसेंबर

खांदा द्यायला लोक हाक मारून आणावे लागले. ज्यांच्या घरची मयत बाबांनी पावसात, चिखलात उचलली, ते दारातून पाहत होते. वारलूभाऊ आले. बुधरीबाई आल्या, खूप रडल्या, मग बायकांत बसून हळूच म्हणाल्या – मनात होतं त्यानंच खाल्लं त्याले.

मला ऐकू जावं म्हणून नव्हतं. पण गेलं.

करिष्मा आली नाही. आज तिचा फोन आला, निकेशनं उचलला नाही.

११ डिसेंबर

शिलाई घेऊन बसले. टपरीवर अजूनही चालूच आहे म्हणे – जुना की नवा. नव्याची पार्टी जिंकली. माणूस मेला म्हणजे सिद्धच झालं!

१७ डिसेंबर

दुपारी अनोळखी नंबर. म्हातारी बाई. अर्धं तेलुगू, अर्धं आपल्यासारखं. गोदावरीपलीकडून, तेलंगणातून बोलते म्हणाली. तिच्या मुलीनं तिला सिनेमा दाखवला. मुलीनंच चॅनलवाल्याकडून नंबर काढून दिला. माझं नाव विचारलं. मी सांगितलं, रंजीता. तिनं ते नाव दोनदा म्हटलं.

मग म्हणाली, "नथ्थूले फोन दे. लोकं त्याले खुनी म्हणत असतीन. मी येऊन सांगते, मी जिवंत आहो."

मी 'थांबा' म्हटलं, आणि फोन हातात धरून उभी राहिले.