शोभाच्या अंगठीतला फिरोजा

१२ एप्रिल
हैदराबादहून पार्सल आलं. इराणच्या निशापुरी फिरोजाचं पेंडंट, चांदीत. उन्हात, सावलीत, ट्यूबखाली धरून पाहिलं. एकसारखा आभाळी रंग, दगडातल्या काळपट शिरांच्या जाळीची एक रेघ नाही. असे दगड माझ्या डब्यात फार नाहीत. हे म्हणाले, डब्यातच ठेवायचं तर घेतेस कशाला? घाम, तेल, अत्तर, काहीही लागलं की फिरोजा हिरवट पडतो, हे किती वेळा सांगायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना अजून मोत्यातला आणि खड्यातला फरक कळत नाही.

१४ एप्रिल
जयंती. पाय गळून गेले. धाकटी जाऊ शोभा सकाळीच सुप्याहून आली. दीर कंपनीत, सुट्टी मिळाली नाही. भिंगारच्या बाजारात मिरवणूक आली तेव्हा एवढी नीळ उधळली की समोरचं माणूस ओळखू येईना. शो. मनसोक्त नाचली. मी कडेला टाळ्या वाजवत. बाई शाळेत शिकवतात ना, बाई नाचत नाहीत.

तिच्या बोटात नवी अंगठी. प्रतीकने पाठवली, लेहहून. तिचा पोरगा, फौजेत, पहिलंच पोस्टिंग. दगड चांगला अंगठ्याच्या नखाएवढा. गर्दीत नीट पाहता आला नाही. घरी येईपर्यंत डोळ्यासमोर तोच. हेवाच वाटला, दुसरं काय.

१५ एप्रिल
सकाळी शेजारच्या बायका चहाला. शो. सगळ्यांना हात दाखवत होती, माझ्या पोरानं पाठवली म्हणून. कोणीतरी म्हणालं, मॅडमना दाखवा, त्यांना कळतं. मी वाटच पाहत होते. भिंग आणलं. रंग गडद, जाळीच्या भेगांत जास्तच निळा साचलेला. शंका आली. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पुसलं. कापूस निळाशार. तो सगळ्यांसमोर उंच धरला. म्हटलं, रंगवलेला आहे, पांढऱ्या दगडाला रंग पाजतात आणि टुरिस्टच्या गळ्यात मारतात. फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत होते.

शो. हसली. "आसंल. पोराला काय कळतंय त्यातलं." अंगठी काढून माझ्या हातात दिली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या ताई. कुनाला दावायला व्हईल."

जेवण अर्धं टाकलं तिनं. दुपारच्या एसटीनं गेली. मला वाईट वाटलं, पण थोडं. जास्त करून बरंच वाटत होतं.

१८ एप्रिल
नेलपॉलिश काढायला बसले. जयंतीची नीळ नखांच्या कडांत अजून होती. कापूस फिरवला, निळा झाला. तोच निळा. शोभाच्या अंगठीचा.

उठून डबा उघडला. अंगठी पुन्हा पुसली. पहिला कापूस निळसर. दुसरा स्वच्छ. तिसरा स्वच्छ. जाळीतलं निळं गेलं आणि खाली तपकिरी, केसासारख्या बारीक रेघा. दगडाचा रंग गडद नव्हताच, फिकट, किंचित हिरव्याकडे झुकलेला. अंगठी मागून उघडी आहे. तिथं सुईनं जरा खरवडलं. रंगवलेल्यात पांढरं निघतं. आतही तोच रंग.

खरा आहे. माझ्या डब्यातल्या निम्म्यांहून चांगला.

मागची बाजू त्या दिवशीही उघडीच होती. सुईही घरात होती. पाहिलं नाही, कारण निळा कापूस दाखवायची घाई झाली होती. आणि नीळ कुठली, तर आपल्याच मिरवणुकीतली. जन्मापासून अंगावर घेतलेली. ती मला ओळखू आली नाही.

२० एप्रिल
शो.ला फोन करायचा होता. केला नाही. पेपर तपासायचे होते म्हणून. (पेपर कालच संपले.)

अंगठी बोटात घालून पाहिली. बसली. लगेच काढली. मला काय झालंय?

२३ एप्रिल
प्रतीकचा फोन, शाळेतून येताना. नेहमीसारखं तब्येत वगैरे. मग म्हणाला, आई म्हणते परत काही पाठवू नको, तुला सगळे फसवतात. मोठी आई, मी ती बाजारातनं घेतली नव्हती, तिथल्या एका म्हाताऱ्या आजीनं स्वतःच्या हातातली काढून दिली होती. "तुमी बघितली ना? खोटी हाय का?"

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही रे. आणि फोन ठेवला.

आवाज अगदी स्पष्ट येत होता. पुढं काही लिहवत नाही.

२५ एप्रिल
यांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "चारचौघींत खोटं ठरवलंस, आता चारचौघींत खरं सांग." मान हलवली. शेजारच्या बायकांना चहाला बोलवायचं ठरवलं. अजून बोलावलेलं नाही.

१ मे, बुद्धपौर्णिमा
सुप्याला गेले, एकटीच. चारचौघींत सांगायचं धाडस झालं नाही, निदान शोभाला तरी सांगावं. ती खीर ढवळत होती. अंगठी ओट्यावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खरा आहे. ती नीळ होती, जयंतीची. चूक माझी.

ती ढवळतच राहिली. मला वाटलं, चिडेल, रडेल. गॅस बारीक केला आणि म्हणाली, "मी लई बोलले वो त्याला. येडा हायेस म्हनले. कुनीबी येतंय आन् तुला गंडवतंय."

मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी.

"त्यानं इचारलं हुतं ना तुमाला," शो. म्हणाली. "मला सांगितलं त्यानं. म्हनला, मोठी आईनं मदीच फोन ठिवला. मंजी खोटीच आसनार, मला वाईट वाटू न्हाई म्हून बोलली न्हाई. लई जीव हाय तिचा माज्यावर."

बसायला जागा शोधली मी. तिनं खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, पाणी दिलं.

तिच्याच मोबाईलवरून लावला. रिंग जात राहिली, उचलला नाही. ड्युटीवर असंल, तुमालाच फोन कराया सांगते, म्हणाली. अंगठी बोटात घातली नाही, मला परतही नेऊ दिली नाही. "त्याला आदी कळू द्या. मग घालीन." खिरीचा डबा भरून दिला मला. नको म्हणायला तोंड नव्हतं.

घरी येऊन खीर तशीच झाकून ठेवलीय. फोन समोर आहे. तो फोन करेल तेव्हा मोठी आई म्हणूनच हाक मारेल, आणि मला आवाज नीट येईल.