आईंची सागाची फळी आणि मशीनचा वेग

मु. वळ, भिवंडी

आदरणीय केसरीनाथदाजी यांस,

हरीचा नमस्कार. गावदेवीच्या कृपेने आमच्याकडे सर्व ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत, मशीनचं खाली लिहितो. ताईची साखर आटोक्यात असेल. अकलोलीच्या गरम कुंडाच्या पाण्याने तुमच्या आईंचे गुडघे मोकळे झाले असतील अशी आशा आहे (गुडघ्यांचं मी मनापासून विचारतो आहे, फक्त पत्र त्यासाठी नाही).

देवीच्या मागे बसवायची लाकडी प्रभावळ चैत्राच्या जत्रेआधी माझ्या हौसेच्या, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कोरून देईन, असं मी गावाला कबूल केलं, हे तुम्ही जाणताच. त्यासाठी आईंनी तुमच्या वडिलांनी जपलेली सागाची फळी दिली. देताना एवढंच म्हणाल्या, “हरी, ही एकच हाय.” तेव्हापासून मला झोप नाही. फळी गादीत गुंडाळून ठेवली आहे आणि मी आणि रूपा सतरंजीवर झोपतो.

अडचण वेगाची. मशीनला हुकूम देणारं जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक वळणावर थांबून विचार करतं (या बाबतीत मशीन माझ्यावर गेलं आहे), आणि प्रभावळीत वळणांशिवाय काही नाही. काम दोन दिवस चालणार, आणि तेवढा वेळ सलग लाईट इथे राहत नाही. लाईट गेली की मशीन आपण कुठे होतो ते विसरतं आणि परत सुरू झाल्यावर भलत्याच जागी भोक पाडतं. शेजारच्या गाळ्यातल्या लूमवाल्या रामनाथशेठच्या मते तर ज्या मशीनपाशी माणसाला ओरडावं लागत नाही ते मशीन बंदच असतं. “हरीभाऊ, ये मशीन है की भजन? तेज भगाव इसको.”

पर्याय तीन होते. जुनंच ठेवायचं, विकतचं घ्यायचं, किंवा तिसरं, जे फुकट आहे आणि पुढची वळणं आधीच पाहून ठेवतं, पण त्यासाठी मशीनमध्ये नवं कार्ड बसवावं लागतं. महिनाभर व्हिडिओ पाहिले. प्रत्येक माणूस आपलंच खरं म्हणतो आणि प्रत्येकाच्या मागे एक मोडकं मशीन दिसतं. शेवटी देवीला कौल लावला. कौलात उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. तीन पर्याय त्यात मावत नाहीत, म्हणून पुन्हा लावावा लागला. अनंता पुजारी वैतागला. “तिला जमिनीचा इचार, लग्नाचा इचार. तुझ्या लॅपटॉपचं तिला काय ठावं?” पण फुलं पडली. बदल, आणि बदलायचं तर तिसरं (विकतचं नको म्हणाली, देवी आपल्याच गावची आहे).

कार्ड बसवून आधी टाकाऊ प्लायवर चालवून पाहिलं. माझा एक हात लाल बटणावर, दुसऱ्यात अंगाऱ्याची पुडी. मशीन मधोमध जायचं सोडून उलट्या कोपऱ्याकडे धावलं आणि आदळलं. कोरायचं बिट तुटून माझ्या कानाजवळून गेलं. टेबल भिंतीकडे चालत निघालं. रामनाथशेठ दारात उभे, प्रसन्न. “अब लगता है मशीन है.” सॉफ्टवेअरमध्ये दिशेची एक खूण उलटी राहिली होती. ती सुलट केली, टेबलाला जमिनीत बोल्ट मारले, आणि दुसऱ्या खेपेला नमुन्याची वेलबुट्टी चहा निवायच्या आत उतरली. इतकी नाजूक, की मला आणखीच भीती वाटली. आता सबब उरली नाही. रूपा म्हणते, “देवी हो म्हणाली, मशीन हो म्हणालं. आता तुम्हीच तेवढे राहिलात.”

तरी माझा निर्धार झाला आहे. बुधवारी फळी चढवतो. आपण निश्चिंत असावं. ताईस व आईंस नमस्कार.

आपला,
हरी

ता. क. बुधवारी सहज इकडे फिरकलात तर बरं होईल. रूपा जिताड्याचं कालवण करणार आहे.

दुसरा ता. क. खरं सांगतो, हिरवं बटण तुम्ही दाबावं. फळीचं वाईट झालंच तर आई पोटच्या मुलाला माफ करतील. माझ्या हातून झालं तर मला एकदाच ऐकावं लागेल, पण ताईला त्या घरात रोज.

तिसरा ता. क. आईंना यातलं काही कळू देऊ नका. कळलंच आणि त्या निघाल्याच, तर अडवू नका. बटण त्यांनाच दाबू द्या. त्यांच्यासमोर वाकडं चालायची मशीनची छाती नाही. तसं ठरलं तर तुम्ही नाही आलात तरी चालेल. जिताडा त्यांच्याबरोबर पाठवतो.