पाळण्याची कडी

आबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि ते मला कळलं तुम्ही जाऊन बारा वर्षं झाल्यावर. आता भांडू कुणाशी? सांगलीचं आपलं घर रस्त्यात जातंय. धाकटा तिकडं न्यूझीलंडला स्वतःच्या हातानं घर बांधतोय आणि फोनवर माझ्या मागं लागलाय, "आक्के, आबांच्या माजघरातलं सागवान पाठव. ती तुळई तर पायजेच." म्हटलं, तिकडं झाडं न्हाईत व्हय रं? तर तुमचंच बोलणं मला ऐकवतो, जुनं लाकूड रडून झालेलं असतं, ते आता वाकत न्हाई. त्याचं काय जातंय! कौलं उतरवायची मी, लाकूड कापायच्या गिरणीत हेलपाटे घालायचे मी. गिरणीवाला म्हणाला, "मावशी, परदेशात जायचं लाकूड, त्यात एक खिळा ऱ्हायलेला चालत न्हाई. तुळईतली ती पाळण्याची कडी बी काढाय लागंल." मी म्हटलं, ती निघत न्हाई, गंजलीया. हे वाक्य तुमचं होतं, आबा.

लहानपणी तुमच्याबरोबर वखारीसाठी जुनं लाकूड घ्यायला मी किती गावं हिंडले. म्हसवडकडं एका घरची तुळई उतरवताना तुम्ही आधी पाळण्याची कडी काढलीत, धोतराला पुसलीत आणि घरातल्या बाईच्या हातात दिलीत. "बाई, ही तुमची. लाकूड तेवढं माझं." बाई रडायला लागली आणि मी फिदीफिदी हसले. टेम्पोत बसल्यावर तुम्ही माझा कान पिळलात. "हसतीस व्हय? त्या कडीला काय टांगलं हुतं, तुला काय ठावं?"

मग मलाही ठाऊक झालं. पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडं आले. माझी पोरगी आपल्या माजघरातल्या तुळईखाली चार महिने झुलली आणि तापानं गेली. सासरी परत निघताना मी म्हटलं, आबा, माझी कडी द्या. साऱ्या मुलखाच्या बायकांना देता, मला द्या. तुम्ही पायताण घालत होता. वर न बघता म्हणालात, "गंजलीया. निघत न्हाई." पुढं माझी कूस उजवली नाही. दर दिवाळीला माहेरी आले की मान खाली घालून जेवायचे, वर कडी दिसंल म्हणून. तुम्हाला वाटायचं पोरगी रुसलीय.

काल गिरणीत त्या माणसानं अंबूर लावली, दोनदा फिरवली, कडी हातात. गंज कुठाय? आटे नुसते काळे, तेलकट. तो म्हणतो, "मावशी, कुणीतरी वरचेवर तेल घालत हुतं हिला." शिडी लावून चढणारं त्या घरात तुमच्याशिवाय कोण होतं, आबा? आणि कशापायी? माझा दुसरा पाळणा टांगायचा म्हणून वाट बघत होता, का पहिला उतरला हेच तुम्हाला सोसत नव्हतं? मला विचारायचं तरी होतं. दोघं मिळून रडलो असतो.

कडी कृष्णेत टाकते म्हणून गिरणीतनं निघाले. टाकली नाही. पदराला बांधून फिरतेय, आणि आज सकाळी मीच तिला तेल लावलं. धाकटा विचारतोय, कडीचं भोक बुजवून पाठवतीस का तसंच? त्याला अजून काही बोलले नाही. ही चिठ्ठी कुठं टाकायची ते मला ठाऊक नाही, पण ट्रक गुरुवारी सकाळी भरायचाय. तेल कशापायी घालत होता, ते बुधवारच्या आत मला सांगा, आबा. ह्या वेळी खरं सांगा.