करबलेचं कफन आणि रस्त्याकडचं दार

मी तूबा, तबरीझचे मरहूम रजईवाले यदुल्ला यांची बायको, वय सत्तरच्या आसपास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीनं लिहवून घेत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्मायचाय.

१. माझ्या घराला तीन सारख्या खोल्या. धर्माच्या कायद्यानं दोन माझा एकुलता एक मुलगा अझीझुल्ला याला जातात. मला रोखता येत नाही, नाहीतर रोखलं असतं. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा: रस्त्याकडची खोली, दारासकट, माझी सून परीजाद हिला.

मुल्ला, कारणही लिही. तीन वर्षांपूर्वी शहाची फौज राज्यघटना चिरडायला आमच्या मोहल्ल्यात शिरली. ज्याच्या दारावर पांढरं निशाण, त्याला अभय, अशी दवंडी होती. चिरंजीवांना पांढरं कापड सापडेना. त्यांनी माझी पेटी फोडली आणि करबलेच्या यात्रेहून आणलेलं माझं कफन चार खिळ्यांनी दारावर ठोकलं. आई जिवंत आणि कफन दारावर! मी म्हटलं, "मेल्या, मला तरी विचारायचंस!" तर म्हणतो, "हळू बोल, आई, ऐकतील." परीजादनं एका हिसक्यात ते खाली ओढलं. पुढं वेढ्यात आम्ही गुरांचा लसूणघास खाल्ला, आणि ती रजयांत काडतुसं शिवून घटनावाल्यांच्या मोर्च्यावर पोचवत होती. हा तळघरात. जिंकल्यावर मात्र चौकात भाषणं, "आम्ही लढलो!" वा रे लढवय्या!

आता त्याच घटनावाल्यांवर रशियन तोफा आल्यात, तर म्हणतो, "आई, परीजादला माहेरी धाडू. तिच्यामुळं आपण गोत्यात येऊ." म्हणून ही खोली. तिला तिथून कोणी हलवायचं नाही, आणि त्या दारावर तिला विचारल्याशिवाय काही ठोकायचं नाही.

लिहून घेणारे मुल्ला इमामकुली म्हणतात, "तूबाबीबी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "बाबा, मरणार मी की तू? लिही."

२. पिंजण, कातर, सुया मी हयातीतच परीजादला दिल्यात. अझीझुल्लाला सुईत दोरा ओवता येत नाही.

३. काल अझीझुल्लानं विचारलं, "आई, ते कफन कुठंय?" मला वाटलं, माझी काळजी लागलीय. पण तो खिडकीतून रस्त्याकडं बघत होता. तर ते कफन त्यालाच द्यावं. खिळ्यांची भोकं तयार आहेत. मला परीजादनं शिवलेल्या मांजरपाटात पुरावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, एक अक्षरही बदलायचं नाही.

अंगठा: तूबा
साक्षीदार: मुल्ला इमामकुली, इस्कंदर रोटीवाला
तबरीझ, जिल्हेज महिना, हिजरी १३२९