चपला ठेवा, दोर न्या

मामा, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. कॉलेजातला एकुलता एक प्रिंटर सकाळपासून एका प्रोग्रामनं धरून ठेवला होता, आणि तो प्रोग्राम स्वतः कधीच मरून पडला होता. माझा रजेचा अर्ज अडकला. देशावर संकट कोसळल्यासारखी मी प्रयोगशाळेत येरझारा घालत होते. तुमच्या गोदामात हे झालं नसतं.

भूमकडच्या आपल्या गावात, दुष्काळात, सोसायटीनं गावविहीर खोल करायला घेतली होती. गोदाम तुमच्याकडं, मी तिथं नवी कारकून. टिकाव असो की दोर, नेणाऱ्यानं आपल्या चपला तुमच्यापाशी ठेवायच्या. तापलेल्या मुरमावरून अनवाणी घरी कोण जाणार? वस्तू आपोआप परत यायची. ज्यांच्या दारापुढून तुमच्या वडलांना चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्यांच्याही चपला तुम्ही त्याच रांगेत लावायचात.

त्या दुपारी तुम्ही भाकरी खायला बसलात आणि गावातले एक मोठे शेतकरी जाड दोर मागायला आले. ‘‘चपला काढायला मी काय देवळात आलोय व्हय?’’ मी दबले. दोर दिला.

थोड्याच वेळात विहिरीची कड ढासळली. माणसं जीव घेऊन वर पळाली, पण पायात काही नसल्यानं सगळी गोदामाशीच आली. हातात टिकाव तसेच. ज्यानं त्यानं आपल्या चपला घातल्या. टायरच्या तळाचा एक जोड तेवढा उरला. तुम्ही त्या जोडाकडं बघितलंत आणि म्हणालात, ‘‘एक जण खालीच हाय. दोर काढ.’’ खुंटी रिकामी. मी दोर नेणाऱ्याचं नाव सांगितलं. तुम्ही भर उन्हात त्यांच्या मळ्यापर्यंत पळालात, दोर आणलात, माणूस वर आला. पाय मोडला होता, पण पाणी मागत होता.

तुम्ही धापा टाकत मला एवढंच म्हणालात, ‘‘पोरी, माणूस आठवणीनं दोर आणत न्हाय. पाय भाजले की आणतो.’’ पुढं सोसायटीच्या संचालकांनी विचारलं, ‘‘चपला न घेता दोर कुणी दिला?’’ ‘‘म्या,’’ तुम्ही म्हणालात. महिनाभर घरी बसवलं तुम्हाला. मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिले.

आता मी पोरांना डिस्ट्रक्टर शिकवते. नाव राक्षसाचं, काम तुमचं. प्रोग्राममधली वस्तू आपलं काम संपवून बाहेर पडली, की तिनं धरलेली फाइल, प्रिंटर, सगळं तो आपोआप सोडवतो. काम पुरं झालेलं असो की मधेच काही ढासळून पळावं लागलेलं असो, वाट गोदामावरूनच. ‘शेवटी सोडायचं लक्षात ठेवीन’ असं म्हणणाऱ्याचा मी वर्गात फार चेष्टेनं समाचार घेते. पोरं हसतात, आणि आमच्यापेक्षा नीट लिहितात.

आज मात्र कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी विचारलं, ‘‘हा प्रोग्राम कुणाचा?’’ सगळ्यांच्या नजरा नव्यानं लागलेल्या सहायक मुलीकडं वळल्या. ती टेबलावरचे कागद सरळ करायला लागली. तिचा काही संबंध नव्हता, मामा.

‘‘माझा,’’ मी म्हणाले. ‘‘डिस्ट्रक्टर लिहायचा राहिला.’’

खरंच राहिला होता. जेवायच्या सुट्टीत बसून लिहिला. प्रिंटर सुटला, पहिला कागद त्या मुलीचा निघाला. मागून निघालेला माझा रजेचा अर्ज मी फाडला; चूक माझी असताना घरी बसणं बरं दिसलं नसतं. हे पत्रही छापणार नाही; प्रिंटर दुसऱ्यांना मोकळा राहू दे.